बिनसाखळीचं रोटर

बॅटरीच्या ट्रॅक्टरला मी पहिल्या दिवसापासून नावं ठेवीत आले. ट्रॅक्टर म्हणावं तं आवाज न्हाई, धूर न्हाई, लेकराच्या खेळण्यावानी निळं निळं. पण आमच्या ह्यांना लकवा मारला, डावा हात आन डावा पाय कामातून गेला, आन त्या खेळण्याचाच आधार झाला. त्याला क्लच न्हाई, गिअर न्हाई. उजव्या हातानं दांडी पुढं लोटली की चालतंय, मागं ओढली की थांबतंय. आमच्या सोमेश्वरनं कुठून तरी हुडकून आणलं. आणताना त्याला वाटलं असंल, म्हातारा दोन दिस खेळंल आन सोडून देईल. त्याच्या बापाला तो वळखतच न्हाई.

वडीगोद्रीच्या अलीकडं आमची मोसंबीची बाग हाय, आन बागंतच आखाडा, म्हणजे शेतातलं घर. आम्ही दोघं तिथंच राहतो. राहत होतो म्हणा. लकव्यानंतर चार महिने सोमेश्वरनं आम्हाला संभाजीनगरला नेल्तं, चौथ्या मजल्यावर. हे दिवसभर गॅलरीत बसायचे आन खाली लोकं गाड्या पुसताना बघायचे. जेवायला चला म्हणलं की यायचे, झोपा म्हणलं की झोपायचे. पुंजाराम नावाचा माणूस, सगळ्या शिवारात ज्याच्या तोंडाला कुणी लागत न्हाई, तो सुनंला विचारायचा, "पोरी, पाणी पिऊ का?" एक दिवस मला म्हणले, "उषा, मला इथं ठिवलंय. मी इथं राहत न्हाई, ठिवलंय मला." त्या दिवशी मी पिशवी भरली. पोरगं रुसलं, सून रडली, मी कुणाचं ऐकलं न्हाई.

तं ट्रॅक्टर. त्याच्या मागं रोटर असतंय. आडवा दांडा, दांड्याला वाकडी पाती. दांडा फिरला की पाती माती उकरत्यात, भुसभुशीत करत्यात. दांडा फिरवायला बाजूच्या डब्यात साखळी, आन ती साखळी तेलात बुडलेली. हे मला कसं म्हाईत? ह्यांना वाकता येत न्हाई, म्हणून वाकायचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं. रानात रोटरची पाळी मारून झाली की मी विळा घेऊन रोटराखाली घुसायचे. दांड्याला गुंडाळलेली हराळी कापायची, ठिबकची नळी आली असंल तर ती सोडवायची, ग्रीस भरायचं, पात्यांचे नट आवळायचे. हे बाजंवर बसून हुकूम सोडायचे.

"ते पातं उलटं लावलंस. डाव्या अंगाचं हाय ते."

"तुमचं डावं अंग तुम्हाला सांभाळंना, आन माझ्या पात्याचं सांगून राह्यले," मी म्हणायचे.

हसायचे. दुसऱ्या कुणी असं म्हणलं असतं तं आठ दिवस घास गिळला नसता.

दसऱ्याला सोमेश्वर आल्ता. पोरगं वाईट न्हाई, हे आधीच सांगून ठिवते. बाप शेतात पडला तं उचलायला माय एकटी, ह्या विचारानं त्याचा तिकडं जीव खालीवर होतो. त्यात आमच्या बांधाला अप्पाराव. त्यानं सोताची मोसंबी पाडून अद्रक लावली, आन आमच्या बागंकडं बघून सोमेश्वरला म्हणला, म्हातारी बाग हाय, झाडांना डिंक सुटलाय, माझ्याकडं द्या, मी पाडून बराबर करतो. सोमेश्वरनं बापापुढं सरळ मांडलं.

"दादा, हा एक बहार तुम्ही सोता धरून दाखवा. दुसऱ्याचा हात न लावता. धरला तं मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाई जमलं तं बाग अप्पारावकाकाला, आन तुम्ही दोघं माझ्याकडं."

"बोललास?" हे म्हणले.

"बोललो."

"मंग पुढच्या दसऱ्याला मोसंबी खायला ये."

मला ह्या बापलेकाच्या पैजंचा असा राग आला. पण ह्यांचं तोंड बघितलं आन गप बसले. लकव्यानंतरच्या चार वर्षांत त्यांना कुणी काही दे म्हणून मागितलंच नव्हतं, करून दाखवा तं लांबच.

खंडेनवमीला आमच्यात अवजारं पुजत्यात. विळा, कुदळ, पास, पंप, जे जे हाताला येतंय ते धुवून पुसून मांडायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. सोमेश्वरनं लाडानं रोटर धुवायला घेतलं. बागंवर औषध मारायचा पंप लावला आन त्याच्या गनीनं पाण्याची धार सोडली. हे खुर्चीत बसून.

"डब्याच्या सांदीत मार. चिखल राह्यला. आणखी जवळून."

"दादा, आत पाणी जाईल."

"लोखंडाला पाण्यानं काय होतंय? देवापुढं घाणेरडं ठिवतो का?"

पोरानं मारली मंग धार, जवळून. रोटर नव्यासारखं लकाकलं. त्या डब्याच्या डोक्यावर आतली गरम हवा जायला एक बारकं भोक असतंय, आन त्यातून पाणी आत गेलं, हे आम्हाला कळायला संक्रांत यावी लागली. तवर हार घातलेलं रोटर शेडात उभं होतं. दसऱ्यानंतरबी पाऊस हटला न्हाई, रानात चिखल, ट्रॅक्टर घालायची सोय नव्हती. आन मंग ताण सुरू झाला.

मोसंबीला ताण द्यावा लागतोय. थंडीत पाणी बिलकुल बंद करायचं. पानं पिवळी पडत्यात, गळत्यात, झाड अर्धमेलं दिसतंय. बघवत न्हाई, पण त्याबिगर फूल येत न्हाई. मंग शेणखत टाकायचं, माती हलवायची, आन सगळ्यात शेवटी पाणी सोडायचं. असा ताण तोडला की झाड फुलानं भरतंय. ह्यांचा बाप तसंच करायचा, आजाबी तसंच करायचा. माती हलवल्याबिगर ताण तोडायचा न्हाई. माती न हलवता नुसतं पाणी सोडून आमच्या शिवारात कुणी बघितलंच न्हाई.

संक्रांत झाली, शेणखत पसरलं, आन ह्यांनी रोटर जोडायला लावलं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत डब्यातून कटकट आवाज यायला लागला, आन तिसऱ्या ओळीच्या मधात दांडा जाम झाला. ह्यांनी दांडी मागं ओढली आन तसेच बसून राह्यले.

फाट्यावर राजानंदचं वेल्डिंगचं दुकान हाय. फोन केला, आला बिचारा. डब्याचं झाकण खोललं तं आतून तेल न्हाई, दुधाच्या चहासारखं पाणी भळभळा बाहेर आलं. साखळी गंजून काठीवानी ताठ झाल्ती. साखळी जिच्यावर फिरती त्या चक्रीचे दात झिजले होते, बेरिंगचा भुगा.

"काका, ह्यात पाणी कसं काय गेलं?" त्यानं विचारलं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी झाडाकडं बघितलं. बोलायला लई होतं माझ्याकडं, जिभंवर आल्तं, पण माणसाचा चेहरा असा उतरला होता की बोलून काय करावं.

राजानंदनं कंपनीच्या जालन्याच्या दुकानात फोन लावला. दुकान बंद होऊन वर्ष झाल्तं. कंपनीच्या वरच्या हापिसाच्या नंबरवर नुसतं गाणं वाजायचं. मंग त्यानं भंगारात धुंडलं, तशी साखळी घावली न्हाई. शेवटी दुसऱ्या मापाची साखळी आणली आन तिच्या मापाची चक्री शहागडच्या टर्नरकडून कापून घेतली. ह्या सगळ्यात पंधरवडा गेला. हे रोज सकाळी काठी टेकत पहिल्या ओळीपर्यंत जायचे आन पानं हातात घेऊन बघायचे. पानं पापडावानी मोडायला लागली होती.

मी म्हणलं, "अहो, पाणी तरी सोडा. झाडं वाळून जातील."

"माती न हलवता पाणी सोडलं तं नुसती पालवी फुटंल. सोमेश्वरला काय दाखवू, पानं?"

"मंग बाया लावू. कुदळीनं हलवतील."

"दुसऱ्याचा हात न लावता म्हणला तो."

"त्याला काय कळतंय, तो तिकडं."

"मला कळतंय ना."

तिथंच घोडं अडलं. असल्या माणसाशी मी जन्म काढला.

राजानंदनं नवी चक्री बसवली, साखळी चढवली, तेल भरलं. एक ओळ सुरेख चालली, खरं सांगते. ह्यांनी मागं न बघताच हात वर केला, मला दाखवायला. ओळीच्या टोकाला काडकन आवाज झाला. साखळी तुटून डब्यावर आपटली आन डबा उभा चिरला. तेल मातीत गेलं. राजानंदनं ह्यांना धरून आखाड्यावर आणलं, बाजंवर बसवलं, म्हणला बघतो काका, होतंय. मंग मला विहिरीकडं बोलवलं.

"काकू, आता न्हाई होत. डबा बीडाचा, ओतीव लोखंडाचा हाय, त्याला वेल्डिंग धरत न्हाई. धरलं तरी दोन फेऱ्यात सुटंल."

"नवा डबा?"

"कुठून आणू? बनवणारेच राह्यले न्हाईत."

तो हात पुसत उभा राह्यला. हे बाजंवरून मान लांबवून आमच्याकडंच बघून राह्यले होते. लहान लेकरू डॉक्टरच्या तोंडाकडं बघतंय तसं. मला गॅलरी दिसायला लागली. पाणी पिऊ का, म्हणून विचारणारा माणूस दिसायला लागला. मी राजानंदला म्हणलं, "साखळी काढून टाक. चीर लाखंनं भर आन झाकण लाव. आवाज येईल का?"

"आवाज येईल. वरचा दांडा फिरंल, गरगर ऐकू येईल. पण पाती फिरणार न्हाईत काकू. नुसती घासत जातील."

"जाऊ दे घासत."

त्याला कळलं. मान खाली घातली. "काकांना मी काय सांगू?"

"झालं म्हणून सांग."

त्यानं सांगितलं. सांगताना ह्यांच्याकडं बघितलं न्हाई, हत्यारं गोळा करत सांगितलं. हे म्हणले, "मला म्हाईत होतं, तू करशील." पोरगं चहा न घेताच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून हे सकाळी ट्रॅक्टरवर बसायचे. ह्यांची मान मागं वळत न्हाई, डाव्या डोळ्यानं धूसर दिसतंय. पाती घासत जायची तं वरचं शेणखत आन पाला खरवडला जायचा, आन वरवर बघणाऱ्याला माती हलल्यावानी वाटायचं. मी मागून चालायचे. "बराबर पडतंय का?" ते विचारायचे. "बराबर," मी म्हणायचे. दुपारी बॅटरी चार्जिंगला लावून हे झोपले की मी कुदळ घ्यायचे आन सकाळच्या ओळीतल्या झाडांचं एकेक आळं हलवायचे. ताणावरची जमीन, दगडासारखी. कुदळ उडून अंगावर यायची. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. भाकरी थापताना पिठात रक्त लागू नये म्हणून मी फडकं बांधायचे, आन ह्यांना सांगायचे, तव्याचा चटका बसला. पण मी साठीला आलेली बाई. ते ओळीमागं ओळ सोडत पुढं चालले, मी मागंच राहायला लागले. मागं राह्यलेली झाडं मी रोज मोजायचे.

पण माणूस कसा झाल्ता सांगू? मिशीला हात लावायला लागले. जेवताना दुसऱ्यांदा कालवण मागायला लागले. सोमेश्वरला रोज फोन, आज एवढ्या ओळी झाल्या, उद्या एवढ्या. मी चुलीपुढं बसून ऐकायचे आन मनात म्हणायचे, देवा, एवढं तडीला जाऊ दे, मंग काय व्हायचं ते होऊ दे.

त्या दिवशी मी दुपारची वाट बघितली न्हाई. लई झाडं राह्यली होती. हे एका ओळीत ट्रॅक्टर चालवत होते, आन मी चार ओळी सोडून कुदळ मारत होते. आवाज बंद झाला तं मला वाटलं, ओळ संपली. मी आणखी एक आळं संपवलं. मंग गेले.

ट्रॅक्टर ओळीच्या मधात उभं, वर कुणी न्हाई. हे खाली मातीत एका अंगावर पडलेले. मी धावले, डोकं मांडीवर घेतलं.

"हळू," ते म्हणले. "काही मोडलं न्हाई. नळी अडकली म्हणून उतरलो. तुला हाका मारल्या."

ठिबकची नळी पात्याला अडकून मागं लांबपर्यंत फरफटत आल्ती.

"फिरत्या पात्याला नळी गुंडाळली जाती," ते म्हणले. "ही नुसती अडकली."

मी त्यांच्या सदऱ्यावरची माती झटकायला लागले.

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी शिव्या द्याव्या म्हणून मी वाट बघत राह्यले. दिल्या असत्या तं बरं झालं असतं. मीबी दिल्या असत्या, दोघं भांडलो असतो, आन काहीतरी पुढं सरकलं असतं. पण त्यांनी माझा हात हातात घेतला, फडकं सोडलं आन तळवा बघितला. लई वेळ बघितला. ते पडून होते तिथून झाडांच्या बुडातून चार ओळी पलीकडचं सगळं दिसत होतं, माझी कुदळ बी.

"मी वर बसून मिरवून राह्यलो," ते म्हणले, "आन तू."

"मला काही झालं न्हाई. दोन दिवसांत होईल सगळं. पाणी सोडू आन..."

"फोन दे."

"कशाला?"

"दे म्हणलं ना."

तिथंच मातीत बसून त्यांनी सोमेश्वरला फोन लावला. "गाडी घेऊन ये," एवढंच म्हणले. "न्हाई, पडलो-बिडलो न्हाई. न्हाई जमलं. ये."

मी तवा काय काय बोलले. भित्रा म्हणलं, अर्ध्यात हातपाय गाळणारा म्हणलं, माझ्या हाताचं निमित करून तुम्हाला पळायचंय म्हणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं, आन मला तेच सहन झालं न्हाई.

सोमेश्वर सकाळीच आला. वर तोंड करून बोलला न्हाई की जिंकल्यावानी वागला न्हाई. मुकाट्यानं सामान भरू लागला. अप्पाराव येऊन ह्यांच्यापाशी बसला, कागदावर सह्या झाल्या, चहा झाला. मी विहिरीवर गेले आन मोटार चालू केली. सगळ्या ओळींचे कॉक सोडले, हललेल्या बी आन न हललेल्या बी.

हे गाडीत बसले होते. पाण्याचा आवाज आला तसे काच खाली करून म्हणले, "पाडायच्या झाडांना पाणी कशाला?"

"मरणाऱ्या माणसाच्या तोंडात बी घालत्यात," मी म्हणलं.

अप्पारावनं ऐकलं आन सह्यांचा कागद घडी घालून खिशात ठिवला. त्याची मशीन यायला वेळ होता. जाताना मी त्याला म्हणलं, तवर पाणी चालू ठिवा, तुमचं काय जातंय. व्हय म्हणला.

आता आम्ही इथं हावोत. चौथा मजला. सून चांगली हाय, ह्यांना पहिल्यागत गॅलरीत खुर्ची टाकून दिली. हे तिथं बसत्यात. पाणी प्यायचं विचारत न्हाईत आता, म्हणून मीच नेऊन देते.

परवा राजानंदचा फोन आला. मी भाजी निवडत होते. तिकडून मशीनचा आवाज येत होता, त्यामुळं त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

"काकू, बाग फुटली. सगळी. पान दिसत न्हाई एवढी फुलं. हायवेवर वास येतोय."

माझ्या हातातली भाजी तशीच राह्यली. "आन तो आवाज कशाचा?"

"अप्पारावकाकांची जेसीबी. सकाळपासून लागलीय. मी लई म्हणलं, हा एक बहार उतरू द्या. म्हणले, अद्रकीला उशीर होतो, आन बोलीबी तशी झाली होती. फुलासगट पाडून राह्यले, काकू. निम्मी झाली."

त्यानं फोन ठिवला. हे मान वळवायची कोशिश करून राह्यले होते. "कोण होतं?"

खोटं बोलून मी एकदा बघितलं होतं. मी त्यांच्यापुढं जाऊन बसले. "राजानंद. बाग फुटली म्हणतोय."

"तू हलवली तेवढी?"

"न्हाई. सगळी."

"न हलवलेली बी?"

"ती बी. पार बांधापर्यंत."

ते खाली बघत राह्यले. "अप्पाराव?"

"पाडून राह्यला. निम्मी पाडली."

त्यांचा डावा हात मांडीवरून घसरला होता, तो उजव्या हातानं उचलून त्यांनी परत मांडीवर ठिवला.

"म्हणजे नुसतं पाणी पाहिजे होतं," म्हणले.

व्हय म्हणावं तं त्यांचा बाप, त्यांचा आजा, सगळेच खोटे पडत होते. न्हाई म्हणावं तं फुलं तिथं होती, अजून निम्म्या बागंत.